ऊब आणि उपकार

अमेरिकेतील इलिनॉय प्रांताच्या मध्यभागी क्लिंटन नावाचे एक तळे आहे. ते निसर्गाने केलेले नव्हे. सॉल्ट क्रीक नावाच्या ओढ्याला १९७० नंतरच्या दशकात बांध घालून सुमारे पाच हजार एकरांवर पाणी पसरवले, ते तेथील अणुवीज केंद्र थंड ठेवण्यासाठी. केंद्र १९८७ पासून चालू आहे. अणूपासून असो वा कोळशापासून, अशी वीज करण्याची रीत शेवटी एकच. पाण्याची वाफ करायची, तिने चाक फिरवायचे आणि मग ती वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करायचे. या खटाटोपात अणुकेंद्राला जेवढी वीज मिळते तिच्या दुपटीइतकी उष्णता वाया जाते, आणि ती कोठे तरी टाकावी लागते. क्लिंटनला ती तळ्यात टाकतात. तळ्याच्या एका फाट्यातून थंड पाणी घेतात आणि ऊन झालेले पाणी लांबच लांब कालव्याने दुसऱ्या फाट्यात सोडतात.

जानेवारीत त्या मुलखात पारा शून्याखाली दहा-पंधरा अंश उतरतो. डबकी, शेततळी, संथ वाहणारे ओढे, सारे गोठून जाते. अशा वेळी या ऊन फाट्यावर पहाटे वाफांचे लोट उठत असतात आणि त्या वाफांत रानबदके बसलेली असतात. त्यांत मोठा भरणा मॅलार्ड जातीचा. नराची मान हिरवी, चकाकणारी, तिच्याखाली पांढरे बारीक कडे. मादी वाळल्या पाचोळ्याच्या रंगाची. आपल्याकडे परसात पाळतात ते बदकही बहुतांशी याच जातीच्या वंशातले. पण त्या घराण्याचा तो वेगळा इतिहास झाला. रानातल्या मॅलार्डचे हिवाळ्याचे मोठे ठिकाण म्हणजे आर्कान्सा प्रांतातली पाणी भरलेली भातखाचरे आणि जंगले. क्लिंटनपासून ती सुमारे साडेसहाशे किलोमीटरांवर. वारा पाठीशी असला तर मॅलार्डला ते एका रात्रीचे काम. तरीही कित्येक बदके ते अंतर तोडत नाहीत, वीजकेंद्राच्या तळ्यावर थांबतात. हे क्लिंटनपुरतेच नव्हे. पोलंडमध्ये कोनिन शहराजवळची काही तळी वीजकेंद्राच्या पाण्याने १९५८ पासून ऊन राहत आली, आणि तेथेही पाणपक्ष्यांनी हिवाळा काढायला सुरुवात केली.

बदके या तळ्याचा उपयोग कसा करतात हे नीट पाहण्यासारखे आहे, कारण पुढचा सारा विचार त्यावर अवलंबून आहे. तळे त्यांना जेवू घालत नाही. जेवण असते भोवतालच्या मक्याच्या रानांत. यंत्राने मका काढताना जे दाणे आणि कणसे जमिनीवर सांडतात त्यांवर ती जगतात. सकाळी एकदा आणि दिवस मावळताना एकदा, थव्याथव्याने उठून रानात जायचे, पोट भरायचे आणि परत पाण्यावर यायचे. पाणी हवे ते पिण्यासाठी, पिसे धुण्यासाठी, आणि मुख्यतः रात्री कोल्ह्यापासून अंतर राखण्यासाठी. ऊब हा वरचा लाभ. बदकाला थंडीचे एवढे भय नसते. त्याच्या पायांकडे जाणारे रक्त आपली उष्णता परत येणाऱ्या रक्ताला वाटेतच देऊन टाकते, म्हणून बर्फावर उभे राहूनही ते गारठून मरत नाही. त्याला मारते ती भूक. म्हणूनच जाड बर्फ पडून मक्याची राने झाकली गेली आणि ती तशीच राहिली, की तळ्याचे पाणी कितीही उबदार असो, बदके दक्षिणेची वाट धरतात. तळे त्यांना थांबवते, कोंडत नाही.

मी शाळामास्तर आहे, आणि या हकिगतीतून आमच्या धंद्यातली माणसे कोणता धडा काढतील ते मला चांगले ठाऊक आहे. फळ्यावर सुविचार लिहावा तसे ते आयते तयार आहे: आयती ऊब मिळाली की पंख असलेलाही आळशी होतो. असले धडे मुलांना पाठ होतात, परीक्षेत त्यांना गुणही मिळतात. फक्त ते बदकांविषयी खरे नाहीत. बदकाने प्रवास करावा हा त्याचा धर्म आहे असे कोणी ठरवले? प्रवासाला चरबी जाळावी लागते, वाटेत बंदुका असतात. आणि जे जवळ थांबते ते वसंतात वीण होण्याच्या जागी आधी पोहोचते. थांबणे हा हिशेब आहे. आणि उडण्याची वाट विसरली जाते म्हणावे, तर फिनलंडमधला एक जुना प्रयोग आहे. वॅलिकांगास नावाच्या संशोधकाने इंग्लंडमधल्या, हिवाळ्यात फारसे कोठे न जाणाऱ्या मॅलार्डांची अंडी फिनलंडमध्ये नेऊन उबवली. १९३३ साली त्याने जे निष्कर्ष छापले त्यांत असे दिसले की ही इंग्लंडची पिले मोठी होऊन थंडी पडताच फिनलंडच्या बदकांप्रमाणेच दूर निघून गेली. त्यांच्या आईबापांनी न वापरलेली वाट त्यांच्या अंगात शाबूत होती.

तेव्हा बदकांना बोल लावण्यात अर्थ नाही. मला कुतूहल वाटते ते दुसऱ्या बाजूचे, म्हणजे ऊब देणाऱ्याचे. त्याने हे काय केले? याला उपकार म्हणावे काय?

आपल्या कथांतला उपकार करणारा जाणता असतो. कबुतर मांडीवर येऊन पडले तेव्हा शिबी राजाने ससाण्याशी बोलणे केले, तराजू मागवला, आपले मांस कापून दिले. त्याला कबुतर दिसत होते. वीजकेंद्राला बदक दिसत नाही. कोणी विनोदाने म्हणेल की गीतेने सांगितलेला निष्काम कर्मयोग माणसाला साधला नाही तो या यंत्राला साधला: फळाची आशा नाही, दान दिल्याचा अभिमान नाही. परंतु निष्काम असणे आणि बेफिकीर असणे यांत अंतर आहे. निष्काम कर्म करणाऱ्याने आधी ते कर्म म्हणून पत्करलेले असते. येथे तर नको असलेली वस्तू मागल्या दाराने फेकली गेली, आणि ती कोणाच्या तरी कामी आली.

असे जगात नेहमी घडते. आपल्याच नांदूर मध्यमेश्वरचे उदाहरण घ्या. गोदावरीवरचा तो बंधारा इंग्रजी अमदानीत कालव्यांना पाणी देण्यासाठी घातला. पुढे त्यात गाळ साचला. इंजिनिअराच्या वहीत गाळ म्हणजे तोटा. पण त्या गाळामुळे उथळ पाणथळ तयार झाली, तिच्यावर हिवाळी पाहुणे उतरू लागले, आणि २०२० साली महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून तिला जागतिक मान मिळाला. या पाण्याला ऊब द्यावी लागत नाही, आपल्याकडे ते गोठतच नाही. पण मासला तोच. एकाचा टाकाऊ गाळ, दुसऱ्याचा आसरा.

प्रश्न खरा उभा राहतो तो देणे थांबवायची वेळ येते तेव्हा.

पाणपोईचा दाखला घेऊ. वैशाखात कोणी वाटेवर रांजण भरून ठेवला, की चार दिवसांत वाटसरू घरून पाण्याचा तांब्या घेऊन निघायचे सोडतात. पाचव्या दिवशी रांजण कोरडा ठेवणारा माणूस, ज्याने पाणपोई कधी घातलीच नाही त्याच्याहून अधिक दोषी ठरतो, हे आपल्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. पण समजा पाणपोई कोणी घातलीच नव्हती. एका बागाइतदाराच्या पाटाला भगदाड पडले, पाणी रस्त्याकडेच्या खळग्यात साचू लागले, गावची गुरे तेथे पाणी पिऊ लागली. वर्षभराने बागाइतदाराने भगदाड बुजवले. त्याने कोणाचे पाणी तोडले काय? तो म्हणणार, पाणी माझे, गळती माझी, मी कोणाला बोलावले नव्हते. हे सारे खरे आहे. तरी मी त्याला एक गोष्ट विचारीन: गुरे पूर्वी ज्या ओढ्यावर जात, तो ओढा अजून वाहतो का? वाहत असेल तर भगदाड खुशाल बुजवावे. गुरांना चार दिवस लांब चालावे लागेल एवढेच. पण मधल्या वर्षात त्यानेच वर बांध घालून ओढा आटवला असेल, तर ती गळती त्याच्या एकट्याच्या मालकीची राहिली नाही. त्याने बोलावले होते की नाही याला मग महत्त्व उरत नाही.

न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर ऑयस्टर क्रीक नावाचे अणुवीज केंद्र होते. १९६९ साली ते सुरू झाले, २०१८ साली कायमचे बंद झाले. मेनहेडन नावाचे थव्याने फिरणारे मासे एरवी थंडी लागताच दक्षिणेकडे जातात. या केंद्राच्या कालव्यातले पाणी ऊन, म्हणून त्यांतले पुष्कळ तेथेच राहिले. १९७२ च्या जानेवारीत केंद्र थांबवावे लागले. कालव्याचे पाणी भराभर थंड झाले आणि मासे मोठ्या संख्येने मेले. बाहेरचा समुद्र तेव्हा त्यांना सोसणार नाही इतका गार होता. दक्षिणेची वाट उघडी होती ती शरदात, ती वेळ निघून गेली होती. बदक आणि मासा यांत फरक एवढाच की बदकाला जानेवारीतही वाट असते. एका रात्रीत ते आर्कान्साला पोहोचते. एकाच प्रकारची ऊब, एकाच प्रकारे बंद झालेली. एकाला ती गैरसोय, दुसऱ्याला मृत्यू.

हे लिहिताना मला मी पूर्वी नोकरीला होतो त्या शाळेचा व्हरांडा आठवतो. तेथे रात्रभर एक दिवा जळत असे, पहारेकऱ्यासाठी. त्या उजेडात दोन मुलगे अभ्यासाला येऊन बसत. पहारेकरी निवृत्त झाला, नवा नेमला नाही, बिल वाचावे म्हणून संस्थेने दिवा काढला. संस्थेच्या हिशेबात चूक काढता येण्यासारखी नव्हती. एक मुलगा मामाकडे राहायला गेला आणि त्याचे काही अडले नाही. दुसऱ्याच्या घरीही वीज होती. पण ती एका खोलीत, आणि त्या खोलीत सात माणसे. तो एसटी स्टँडवर जाऊन बसू लागला. तेथे उजेडाला तोटा नव्हता, शांततेला होता. महिन्याभराने तो तेथेही दिसेनासा झाला. दिवा काढण्यापूर्वी रात्री नऊ वाजता कोणी व्हरांड्यात एक फेरी मारली असती, तर या दोघांतला फरक कळायला पाच मिनिटे पुरली असती.

अशी फेरी मारायला कायद्याने भाग पाडले तर काय होते, याचे उदाहरण फ्लॉरिडात आहे. तेथील मॅनाटी नावाची समुद्रगाय चारपाचशे किलोंचा, गवत खाणारा, अत्यंत निरुपद्रवी प्राणी. पाणी वीस अंशांच्या खाली गेले आणि तसेच राहिले तर ती जगत नाही. पूर्वी ती हिवाळ्यात जमिनीतून येणाऱ्या कोमट झऱ्यांकडे जाई. त्यांतल्या कित्येक झऱ्यांचे पाणी माणसाच्या उपशाने घटले, काहींच्या वाटा अडल्या. १९६८ साली पूर्ण झालेल्या रॉडमन धरणाने ओक्लावाहा नदीतून सिल्व्हर स्प्रिंग्जकडे जाणारी वाट अशीच अडवली. आज कडाक्याच्या थंडीत तेथील निम्म्याहून अधिक मॅनाटी वीजकेंद्रांच्या ऊन पाण्याचा आसरा घेतात. ओढा आटवलेल्या बागाइतदाराचीच ही गोष्ट. केप कॅनाव्हरलचे जुने केंद्र २०१० साली पाडले आणि नवे उभे राहायला तीन वर्षे जायची होती, तेव्हा या प्राण्यांसाठी मधल्या हिवाळ्यांत पाणी तापवण्याची यंत्रे मुद्दाम बसवावी लागली. पूर्वी जी उष्णता कचरा म्हणून टाकत होते, तीच आता पैसे खर्चून तयार करावी लागली. मला या गोष्टीत थोडे हसू येते, आणि थोडा आदरही वाटतो.

परंतु तेवढ्याने भागले नाही. त्याच किनाऱ्यावरच्या इंडियन रिव्हर नावाच्या खाडीतले समुद्रगवत प्रदूषणाने मरत गेले. मॅनाटी ऊन पाण्यात होत्या, पण जवळ खायला नव्हते, आणि गवत शोधायला लांब गारठ्यात जावे तर थंडीने मरण. २०२१ या एका वर्षात फ्लॉरिडात अकराशेहून अधिक मॅनाटी मेल्या, त्यांतल्या पुष्कळ उपासमारीने. पुढच्या हिवाळ्यात सरकारी माणसांनी त्याच वीजकेंद्राजवळ नव्वद टनांहून अधिक लेट्यूसची पाने पाण्यात टाकून त्यांना जगवले. येथे मला बदकांची मक्याची राने आठवतात. बदकांचा निवारा एके ठिकाणी आणि अन्न दुसऱ्या ठिकाणी, मध्ये पंखांचा व्यवहार. म्हणून तो आसरा निभतो. निवाऱ्याला अन्नाची जोड नसेल आणि तेथून हलताही येत नसेल, तर त्याला आसरा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

अर्थात बदकांनाही ऊब फुकट पडते असे नव्हे. चोहीकडे बर्फ आणि मध्ये उघडे पाणी, म्हणजे साऱ्यांनी तेथेच दाटी करायची. दक्षिण डाकोटात लेक अँडीज येथे वीजकेंद्र नाही. खोल विहिरीतून आपोआप वर येणाऱ्या पाण्याने तेथील एक भाग उघडा राहतो. १९७३ च्या जानेवारीत तेथे सुमारे एक लाख मॅलार्ड जमले होते. त्यांत बदकांचा प्लेग शिरला आणि चाळीस हजारांच्या आसपास मेले. शिवाय उघडे पाणी कोठे आहे हे जसे बदकाला कळते तसे शिकाऱ्यालाही कळते. तरीही प्लेग आणि बंदूक यांचा हिशेब बदकांच्या जातीने आजवर सोसला आहे.

आता कोळशाची केंद्रे एकामागून एक बंद होत आहेत. इलिनॉयमध्ये २०१९ च्या अखेरीस जी चार बंद झाली त्यांत एकाचे नावच डक क्रीक, म्हणजे बदकांचा ओढा. दुसरे कॉफीन, त्याचेही थंडाव्याचे तळे होते, अकराशे एकरांचे. ही केंद्रे बंद झाली याचे मला दुःख नाही. धुराड्यातून गेलेल्या वायूने जी ऊब सगळ्या पृथ्वीवर पसरवली तिच्यापुढे तळ्यातली ऊब म्हणजे ओंजळभर. युरोपातल्या तीन जातींच्या पाणबदकांच्या तीस वर्षांच्या नोंदी २०१३ साली प्रसिद्ध झाल्या. ती बदके हिवाळ्यात पूर्वीइतकी दक्षिणेला उतरत नाहीत, फिनलंडसारख्या उत्तरेच्या देशांतच अधिकाधिक थांबतात, कारण तेथील पाणी आता पूर्वीसारखे गोठत नाही. म्हणजे सारी उत्तर हेच एक वीजकेंद्राचे तळे होत चालले आहे, आणि या तळ्याचा कालवा बंद करायची कळ कोणा एकाच्या हाती नाही.

क्लिंटनची कळ मात्र अजून माणसांच्या हाती आहे. केंद्र तोट्यात आहे, २०१७ च्या जूनमध्ये बंद करू, असे मालकांनी २०१६ साली जाहीर केले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात इलिनॉयच्या विधिमंडळाने अशा केंद्रांना आर्थिक आधार देणारा कायदा केला आणि ते वाचले. २०२५ साली मेटा, म्हणजे फेसबुकवाल्या कंपनीने, २०२७ पासून वीस वर्षे त्या केंद्राच्या विजेचा मोबदला देण्याचा करार केला. म्हणजे माणसे आपापसांत जी चित्रे आणि गप्पा पाठवतात, त्यांच्या हिशेबावर त्या फाट्यातले पाणी २०४७ पर्यंत उघडे राहायचे. हे ठरताना बदकांना कोणी विचारात घेतले असेल असे वाटत नाही, आणि माझ्या मते बदकांपुरते ते आवश्यकही नव्हते. तळे उद्या गार झाले तरी ती एका रात्रीत आर्कान्साच्या भातखाचरांत असतील. तळ्यातल्या माशांचे मात्र कोणी तरी विचारायला हवे.

आणि त्या खाचरांचेही. तीही माणसाचीच करणी आहे; स्टटगार्ट गावाभोवतीच्या ज्या भातशेतीवर बदकांचा हिवाळा निघतो, ती विहिरींच्या पाण्यावर उभी राहिली आहे, आणि त्या भागातल्या भूजलाची पातळी कित्येक दशके खाली चालली आहे.